आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि मेडिक्लेम बदलणं: आधी काय, नंतर काय

घरात गुडघा बदलायची गोष्ट निघाली की तिच्यामागे मेडिक्लेमची गोष्ट येतेच, आणि मग कोणीतरी म्हणतं की ही तुमची पॉलिसी काही कामाची नाही, दुसऱ्या कंपनीची घेऊन टाका, जुनं सगळं चालू राहतं. आमच्याकडे अगदी असंच झालं. आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, आईचं सगळं आयुष्य कपाशी वेचण्यात आणि चुलीपुढे पाटावर बसून भाकरी थापण्यात गेलं, वय ६६, दोन्ही गुडघे गेलेले, त्यात उजवा जास्त. रात्री कूस बदलली तरी जाग यायची. जळगावला डॉक्टरांनी उभं राहून काढलेला एक्सरे बघितला आणि स्पष्ट सांगितलं की आतली गादी संपली, हाडावर हाड घासतंय, आता गोळ्या-इंजेक्शनने भागणार नाही.

आणि त्याच महिन्यात आम्ही पॉलिसी बदलायला निघालो होतो. त्या दोन महिन्यांत जी धावपळ झाली ती दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, ऑपरेशन आणि पॉलिसी बदलणं ही दोन कामं एकत्र करू नका, आधी कोणतं आणि नंतर कोणतं ते पक्कं ठरवा.

सगळ्यात आधी एका कागदावर दोन तारखा लिहा. एक, सध्याची पॉलिसी कधी संपते ती तारीख. दोन, डॉक्टरांच्या मते ऑपरेशन साधारण कधी होईल ते. या दोन तारखांमध्ये किती अंतर आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

समजा गुडघे नुसते कुरकुरताहेत, डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, व्यायाम करा, ऑपरेशनचं तीन-चार वर्षांनी बघू, तर पॉलिसी बदलायची हीच वेळ आहे, आत्ताच बदला, नंतर जमेलच असं नाही. पण जर केसपेपरवर ऑपरेशनचा सल्ला लिहून झालाय तर माझं ऐका आणि आहे तीच पॉलिसी रिन्यू करा. नवीन कंपनीला नाही म्हणायचा अधिकार असतो हे एजंट लोक सांगत नाहीत. पोर्टिंगचा, म्हणजे जुनी वर्षं धरून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायचा, अर्ज म्हणजे हक्काचं तिकीट नव्हे, नवीन कंपनी तब्येतीचे कागद बघते, आणि दोन महिन्यांत ज्याला लाखांचा क्लेम लागणार हे दिसतंय त्याला ती सहसा घेत नाही. आम्ही फॉर्मवर खरं ते लिहिलं, ऑपरेशनचा सल्ला मिळालाय म्हणून, आणि त्यांचा नकार आला. खोटं लिहिलं असतं तर पॉलिसी मिळालीही असती, पण क्लेमच्या वेळी जुने एक्सरे आणि केसपेपर मागवतातच, तेव्हा क्लेम तर जातोच वर पॉलिसी पण रद्द होते आणि जुन्या पॉलिसीची साठलेली वर्षंही हातची जातात. म्हणून लपवू नका आणि डॉक्टरांना पण सांगू नका की जरा लिहू नका म्हणून.

आमची खरी चूक वेगळी होती. नवीन कंपनीचं उत्तर येईल येईल म्हणत आम्ही जुनीचा हप्ता भरला नव्हता. नकार आला तेव्हा जुनी संपायला दोन दिवस राहिलेले, आणि हॉस्पिटलची तारीख त्यानंतर चार दिवसांनी. भाऊ शेतात, केळीचा माल भरायला गाडी आलेली, फोन लागेना, शेवटी मी संध्याकाळी मोबाईलवरून जुन्या कंपनीचा प्रीमियम भरला आणि पावती आल्यावरच जेवले. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते हे खरं, त्यात पैसे भरले तर जुनी वर्षं वाया जात नाहीत, पण त्या मधल्या दिवसांत ॲडमिट झालात तर क्लेम मिळत नाही. म्हणजे नेमकं आमचं ऑपरेशन त्याच खड्ड्यात पडलं असतं.

आता पोर्टिंग नेमकं चालतं कसं ते सांगते, कारण ज्यांचं ऑपरेशन अजून लांब आहे त्यांना याचा उपयोग होईल.

पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येते ती फक्त रिन्यूअलच्या वेळी, वर्षाच्या मधे नाही. अर्ज करायचा तो संपायच्या तारखेच्या आधी ६० ते ४५ दिवस या पट्ट्यात. काही कंपन्या त्यानंतरही अर्ज घेतात पण त्या भरवशावर राहू नका. यासाठी वेगळी फी नसते. लागतं काय, तर पोर्टिंगचा फॉर्म, नवीन कंपनीचा प्रपोजल फॉर्म, मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसीच्या कॉपी, घेतलेल्या क्लेमचे कागद आणि जी दुखणी आहेत त्यांची माहिती. जुनी कंपनी आपली माहिती ऑनलाईन पाठवते, २०२४ च्या नियमाप्रमाणे तिला त्यासाठी ७२ तास आहेत, आणि माहिती मिळाली की नवीन कंपनीने ५ दिवसांत हो की नाही ते कळवायचं. होकार लेखी हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही, तारीख जवळ आली आणि उत्तर नाही तर सरळ जुनी रिन्यू करायची, पुढच्या वर्षी परत बघता येतं.

गुडघ्याच्या बाबतीत वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी असूनही क्लेम मिळत नाही तो काळ, नीट समजून घ्या, सगळे घोळ इथेच होतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. पण सांधे बदलण्याला वेगळा वेटिंग असतो, बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं, काहींत तीन, अपघाताने गुडघा गेला असेल तर तो लागत नाही. आणि पॉलिसी घ्यायच्या आधीपासून गुडघेदुखी होती तर ते आधीचं दुखणं धरलं जातं, त्याचा वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं. आधी ही मर्यादा ४ वर्षांची होती, एप्रिल २०२४ पासून ३ झाली. दोन्ही लागू होत असतील तर जो मोठा तो धरतात.

पोर्ट केलं की हे पूर्ण झालेले वेटिंग नवीन कंपनीत चालू राहतात, पण जुन्या रकमेपुरतेच. हे वाक्य दोनदा वाचा. जुनी पॉलिसी ५ लाखांची होती आणि नवीन १० लाखांची घेतली तर ५ लाख आणि जो काही बोनस जमला असेल तेवढ्यावर जुनी वर्षं मोजतात, वरच्या वाढीव रकमेवर वेटिंग पहिल्यापासून सुरू. आमच्या एजंटने १० लाख १० लाख करून जो आग्रह धरला होता त्यातले निम्मे गुडघ्याच्या कामाला आलेच नसते. शिवाय जुन्या पॉलिसीत सांध्यांना दोन वर्षं आणि नवीनमध्ये तीन वर्षं असेल तर फरकाचं एक वर्ष तिकडे काढावं लागतं.

नवीन पॉलिसी बघताना मोठ्या आकड्यावर जाऊ नका, चार-पाच गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको. एका गुडघ्याला किती अशी वेगळी मर्यादा आहे का. ६० वर्षांवरच्यांना को-पे आहे का, म्हणजे दर बिलात २० टक्के वगैरे आपले. फिजिओथेरपीचे पैसे मिळतात का. रोबोटने ऑपरेशन केलं तर त्यावर कॅप आहे का. आणि आपल्या खान्देशातल्या लोकांनी तर हे विचाराच विचारा की पॉलिसी झोनप्रमाणे आहे का. जळगाव, धुळे, नंदुरबारचा पत्ता दिला की काही पॉलिसींचा प्रीमियम कमी लागतो, बरं वाटतं, पण तीच पॉलिसी घेऊन मुंबईला ऑपरेशन केलं तर बिलातला काही टक्के भाग आपल्या माथी येतो. आपल्याकडे निम्मे लोक नाशिक-मुंबईला जातात, नंदुरबारकडचे सुरतला जातात, त्यामुळे कुठे करायचं ते आधी ठरवा आणि त्या शहराचं नाव घेऊन विचारा.

खोलीच्या भाड्याचं पण बघा. पॉलिसीत रोजची मर्यादा ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली तर फक्त ३,००० चा फरक भरायचा असं वाटतं ना, तसं नसतं. त्याच प्रमाणात सर्जनची फी, ओटीचा खर्च, नर्सिंग सगळं कापतात, म्हणजे १,००,००० च्या ऑपरेशन चार्जचे ६२,५०० च मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कात्री चालत नाही, पण तरी बरंच जातं. आईला आम्ही दोन बेडची खोली घेतली. शेजारच्या बेडवर यावलच्या एक काकू होत्या, त्यांचंही गुडघ्याचंच, दोघींनी एकमेकींना बघून चालायला सुरुवात केली, त्यामुळे मला तर ते जास्त चांगलं झालं असं वाटतं.

प्रीमियमचं एक सांगते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी गेला. आणि ज्येष्ठांचा प्रीमियम एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेशी, बोलावं लागतं, हे जानेवारी २०२५ चं. त्यामुळे पुढच्या वर्षी दुप्पट होईल म्हणून घाबरवून कोणी पॉलिसी बदलायला लावत असेल तर घाई करू नका.

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांनी आज घेऊन उद्या ऑपरेशनची आशा धरू नका, त्यापेक्षा सरकारी योजना बघा. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत. खासगी मेडिक्लेम असला तरी निघतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना पण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला एवढंच विचारा की गुडघा बदलायचं पॅकेज या हॉस्पिटलला आहे का, कारण हॉस्पिटल योजनेत असलं तरी प्रत्येक ऑपरेशन तिथे होतंच असं नाही.

आता शरीराच्या तयारीकडे येते. ही किमान सहा आठवडे आधी सुरू करा.

आधी शुगर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या, साधारण साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात आणि बरोबरच करतात, कारण शुगर वाढलेली असताना जखमेत पू होण्याचा धोका वाढतो, आणि बदललेल्या गुडघ्यात इन्फेक्शन झालं तर ते फार वाईट, कधी कधी बसवलेला सांधा काढावा लागतो. त्यासाठीच दातांचं बघा, किडलेला दात, हिरडीत पू असेल तर आधी इलाज. पायाच्या भेगा, नखातली बुरशी, लघवीला जळजळ, हे सगळं डॉक्टरांना सांगा. आईच्या टाचांना भेगा होत्या, शेतातल्या बाईला असतातच, आम्ही महिनाभर रोज रात्री कोमट पाण्यात पाय धुवून मलम लावून मोजे घालायचो आणि मगच तारीख घेतली.

गुडघ्यात कोणी इंजेक्शन दिलं असेल तर ते कधी दिलं ती तारीख सांगा. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर साधारण तीन महिने तरी ऑपरेशन करत नाहीत, इन्फेक्शनचा धोका असतो म्हणून. आणि ते गावोगावी गुडघेदुखीवर जे बिनलेबलचे चूर्ण, काळ्या गोळ्या मिळतात ते घेत असाल तर तेही सांगा, लाजू नका. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं आणि ते एकदम बंद केलं तर भूल देताना त्रास होतो. आईकडे अशी एक पुडी निघाली, वर्षभर घेत होती, कोणाला बोलली नव्हती.

तंबाखू आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद, बिडी पण. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतील, पण तुम्ही स्वतःहून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ञांपुढे ठेवा, नावं पाठ सांगत बसू नका. शुगरच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावात शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, त्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, आणि गावाकडच्या पेशंटचं हे हमखास राहून जातं.

व्यायाम आधीच शिकून घ्या, ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही डोक्यात जात नाही. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा म्हणजे मांडी आवळली जाते, पाच मोजायचं, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. टाच पलंगावरून सरकवत गुडघा वाकवायचा. घोटा वर-खाली हलवायचा. प्रत्येकी १०-१५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. आणि हातांचा जोर पण वाढवा, वॉकर हातांवर चालतो. आई दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठायची सवय करत होती, टीव्हीवर सिरीयल चालू असताना.

घराची तयारी ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण दवाखाना चार-पाच दिवसांचा, घर महिन्यांचं. खेड्यातल्या घरात ओटा, उंबरा, अंगणातला संडास, जमिनीवर सगळा संसार. पहिली गोष्ट कमोड. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती ऑपरेशनच्या आधी आणा आणि आधीच बसून सवय करा. पेशंटचं झोपणं खालच्या मजल्यावर, संडासाच्या जवळ. झोळ पडलेली बाज नको, कडक पलंग पाहिजे आणि तोही बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीचा. हात असलेली घट्ट खुर्ची, प्लास्टिकची डुगडुगणारी नको. सतरंज्या, पायपुसणी, दारातली गोणपाटं उचलून टाका, वॉकर त्यातच अडकतो. रात्री छोटा दिवा चालू ठेवा, इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगची बॅटरी उशाशी. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, सपाता नकोत.

आमच्याकडे चूल खाली होती. भावाने विटांचा कट्टा बांधून शेगडी वर घेतली, आईला वाटलं आपलं राज्य गेलं. पण ते करावंच लागलं, कारण गुडघा बदलल्यावर मांडी घालून खाली बसणं आणि उकिडवं बसणं डॉक्टर सहसा नकोच म्हणतात, हे ऑपरेशनच्या आधी नीट समजावून सांगा, नंतर कळलं की बायकांना फार लागतं. बिबडे, पापड, कुरडया, सगळं खाली बसूनच केलेलं असतं हो आयुष्यभर.

दिवस कोणते निवडायचे ते पण बघा. आमच्या आईला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर करायचं होतं, लेकी माहेरी येतात, हाताखाली माणसं असतात म्हणून. पण वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पट्टीखाली घाम, लाईट गेली की जीव नको होतो. पावसाळ्यात अंगण निसरडं. कपाशी वेचणीच्या दिवसांत घरात माणूस नसतो. शेवटी थंडीचे दिवस बरे असं ठरलं, पण तेवढे महिने थांबायचं म्हटल्यावर आई बोलली, "आते कितला दिन थांबू माय, रातले झोप येस नही." तिचंही खरं होतं. आम्ही मग पावसाळा संपता संपता केलं, आणि मी महिनाभर तिच्याजवळ राहिले. पहिले दोन आठवडे एक माणूस पूर्णवेळ पाहिजे हे धरूनच चाला.

ॲडमिट व्हायच्या आधी कॅशलेसचं, म्हणजे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते त्याचं. हॉस्पिटल कंपनीच्या यादीत आहे का ते कंपनीच्या ॲपवर बघा, हॉस्पिटलच्या काऊंटरवर विचारून भागत नाही, करार संपलेला असतो कधी. यादीत नसेल तरी ठरलेलं ऑपरेशन असल्यामुळे किमान ४८ तास आधी कंपनीला कळवून कॅशलेस मागता येतं, द्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. प्री-ऑथचा, म्हणजे कंपनीची आधी मंजुरी मागायचा, फॉर्म चार-पाच दिवस आधीच पाठवा. कंपनीने त्याचं उत्तर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत द्यायचं असा २०२४ पासून नियम आहे, पण कागद अपुरे असले की क्वेरी, म्हणजे कंपनीचा उलट प्रश्न, येते आणि दिवस जातात.

आमची क्वेरी कशी आली ते ऐका. ॲडमिशनच्या वेळी छोट्या डॉक्टरने आईला विचारलं, आजी गुडघे कधीपासून दुखतात. आई म्हणाली झाली असतील दहा-बारा वर्षं. तिने पहिल्यांदा कपाशीत कंबर-गुडघा धरला होता तिथपासून मोजलं. त्याने लिहिलं, बारा वर्षांपासून त्रास. पॉलिसी पाच वर्षांची. लगेच कंपनीचा प्रश्न, पॉलिसी घेताना हे सांगितलं होतं का. माझ्या पोटात गोळाच आला. मग गावी फोन केला, वहिनीने लोखंडी पेटी उघडली, साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात पाच वर्षांपूर्वीच्या प्रपोजल फॉर्मची झेरॉक्स, भावाने भरलेली, आणि दुखण्यांच्या रकान्यात त्याच्या अक्षरात लिहिलेलं, बीपी, गुडघेदुखी. तिने फोटो काढून पाठवला. वेटिंग पूर्ण झालेला होताच. दुपारपर्यंत मंजुरी आली.

म्हणून प्रपोजल फॉर्मची कॉपी जपा, नसेल तर कंपनीकडून मागून घ्या, आणि पेशंटला आधी शांतपणे विचारून ठेवा की त्रास खरा कधी सुरू झाला, डॉक्टरला पहिल्यांदा कधी दाखवलं, पहिला एक्सरे कधीचा. खोटं सांगायचं नाहीये, पण अंदाजपंचे वर्षं पण सांगायची नाहीत.

इम्प्लांटचं लेखी एस्टिमेट घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा नेहमी वापरतात त्या कोबाल्ट क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० ठरली होती. बिलात इम्प्लांटची किंमत, ब्रँड, बनवणारी कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवावा लागतो. पॅकेज आहे म्हणून एकच आकडा देत असतील तर फोड करून मागा. इम्प्लांटच्या डब्यावरचे स्टिकर डिस्चार्ज पेपरवर चिकटवून घ्या, पुढे कधी गरज पडली तर डॉक्टरला तेच बघावं लागतं. हातमोजे, डायपर, असल्या वस्तूंचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, ते रोख बाजूला ठेवा.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या औषधी साबणाने अंघोळ, घरी ब्लेडने केस काढायचे नाहीत, बारीक काप पडतात. रात्री शेवभाजी-भाकर असं जड नको, हलकं खाऊ द्या, आणि सहा तास आधीपासून पोटात काही नाही, पाणी किती वाजेपर्यंत ते विचारून घ्या.

ऑपरेशन झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, घाबरून पेशंटला झोपवून ठेवू नका, तेच चुकीचं आहे, रक्ताच्या गुठळ्या होतात. भेटायला येणारे पाहुणे गुडघ्याखाली प्रेमाने उशी देतात, ती काढून टाका, गुडघा वाकलेलाच राहतो मग, उशी द्यायचीच तर टाचेखाली. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं. टाके दोन आठवड्यांच्या आसपास निघतात, वॉकर तीन ते सहा आठवडे, सूज मात्र महिनोन्महिने थोडी थोडी राहते. पोटरी एकदम दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. जखमेतून पाणी-पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा, गावात अँटिबायोटिक घेऊन दाबू नका.

घरी आल्यावर कागदांचं काम संपत नाही. ॲडमिट व्हायच्या आधीच्या तपासण्या आणि डिस्चार्जनंतरची औषधं, फिजिओचे पैसे, पॉलिसीप्रमाणे आधीचे ३० किंवा ६० आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस मिळतात, पण मूळ बिलं आणि डॉक्टरची चिठ्ठी दोन्ही लागतात. फिजिओ घरी येत असेल तर त्याच्याकडून तारखेवार पावती घ्या, पेशंटचं नाव लिहिलेली. आणि मधेच पॉलिसीची तारीख बदलली तरी हे पैसे ॲडमिट झालो त्या वर्षाच्या पॉलिसीतूनच मिळतात. क्लेम नाकारला किंवा भरपूर कापला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर विमा लोकपाल आहेत, आपल्या भागाला पुण्याचं ऑफिस लागतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

आई आता काठीशिवाय ओट्यावरून उतरते. डाव्या गुडघ्याचं डॉक्टर म्हणाले की सहा महिने-वर्ष थांबून करू, तोपर्यंत उजव्यात ताकद येईल. म्हणून यंदाही आम्ही पॉलिसी बदलत नाही आहोत, नवीन पॉलिसी वर्ष लागल्यावरच तारीख घेणार म्हणजे पूर्ण ५ लाख परत मिळतात. डावा झाला, शेवटचं फिजिओचं बिल मिळालं, की मग त्याच्या पुढच्या रिन्यूअलच्या ६० दिवस आधी दुसऱ्या कंपनीला विचारू, दोन्ही ऑपरेशनचे कागद जोडून, आणि ते नाही म्हणाले तर जुनी आहेच.